नागरिकाइतकाच हक्क!

अमेरिकेत निवृत्तीला टेकलेल्या माझ्या एका आप्ताने मध्य अमेरिकेतील निकाराग्वा देशात, ग्रॅनाडा या जुन्या शहरात, घर घेण्याचे मनात आणले आहे. ‘तुमची हयात दस्त लिहिण्यात गेली, मत द्या’, असे त्याचे पत्र आले. मत मागितलेच आहे, तर ते चारचौघांत देतो.

घर देखणे आहे, यात वाद नाही. नळीची कौले, मातीच्या जाड भिंती, मध्ये मोकळा चौक. १५२४ साली स्पॅनियार्डांनी सरोवराकाठी वसविलेले शहर, पाठीशी मोंबाचो ज्वालामुखी. माणूस भुलणारच! पण सोबतच्या विक्रीपत्रकात एक वाक्य ठसठशीत छापले आहे की, येथे परक्यालाही नागरिकाइतकाच हक्क आहे. दलालाचा हा हुकमाचा एक्का. वाक्य खरे धरून चालू. मग त्या देशात नागरिकाचा हक्क किती आण्यांचा, ते बघू.

फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथल्या सरकारने तुरुंगातील २२२ विरोधकांना विमानात घालून अमेरिकेत धाडले आणि त्यांचे नागरिकत्व काढून घेतले. आठवडा उलटला नाही तोच आणखी ९४ जणांचे नागरिकत्व गेले. त्यांची घरेदारे जप्त करण्याचा हुकूम निघाला. त्या यादीत कवयित्री जिओकोंडा बेली होत्या, कादंबरीकार सेर्हिओ रामिरेझ होते. हे रामिरेझ कोण? १९८५ ते १९९० या काळात डॅनियल ऑर्टेगा यांच्याच हाताखाली देशाचे उपाध्यक्ष! उपाध्यक्षाची ही गत, तर परगावच्या पेन्शनराने ‘नागरिकाइतका’ म्हणून कोणत्या आनंदात पेढे वाटायचे?

घर स्वस्त असल्याचेही पत्रकात अभिमानाने नमूद आहे. का स्वस्त, ते नाही. एप्रिल २०१८ मध्ये सरकारविरुद्ध निदर्शने पेटली, त्यांत तीनशेहून अधिक माणसे मेली आणि पुढच्या काही वर्षांत लाखो लोक देश सोडून गेले. जाणारा घासाघीस करीत नाही. त्याच्या नडीला ‘संधी’ म्हणणारी भाषा आमच्या बापजाद्यांनी सावकाराच्या ओटीवर पुष्कळ ऐकली आहे.

शिवाय मागचे कागद चाळावेत. १९७९ च्या क्रांतीनंतर तिथे धनिकांची घरे-जमिनी सरकारजमा झाली. १९९० ची निवडणूक हरल्यावर, खुर्ची सोडण्यापूर्वी, सांदिनिस्टांनी घाईघाईने कायदे करून ती राहत्या लोकांच्या नावे केली. गरिबांना छप्पर मिळाले, तसे पुढाऱ्यांना बंगलेही मिळाले. लोकांनी त्याला ‘पिन्याता’ म्हटले. मिठाईचे मडके फुटले की ज्याच्या हाती लागेल ते त्याचे, तसा प्रकार. जुने मालक परतले आणि दावे सुरू झाले.

त्याही आधीचा एक गृहस्थ सांगितलाच पाहिजे. विल्यम वॉकर हा अमेरिकन भाडोत्री टोळी घेऊन आला, ऑक्टोबर १८५५ मध्ये त्याने ग्रॅनाडा घेतले आणि पुढच्या वर्षी स्वतःला राष्ट्राध्यक्षही म्हणवून घेतले. गुलामगिरी त्याने पुन्हा कायदेशीर केली, हे प्रसिद्ध आहे. मला त्याचे दुसरे हुकूम अधिक बोलके वाटतात. विरोधकांच्या जमिनी जप्त, प्रत्येक जमिनीच्या हक्काची नोंदणी सक्तीची आणि इंग्रजी दस्त स्पॅनिशइतकेच ग्राह्य. तलवारीपेक्षा दप्तराने जमीन लवकर हलते, हे त्याला नेमके ठाऊक होते. उताऱ्याची भाषा बदलली की शेतकरी आपल्याच शेताच्या कागदापुढे कसा अडाणी ठरतो, हे सीमाभागातील वाचकाला मी सांगायला नको. जाताना त्याच्या सेनापतीने शहर जाळले आणि ‘येथे ग्रॅनाडा होते’ अशी पाटी मागे ठेवली.

परके आले म्हणून पडकी घरे सावरली, गवंडी-सुतारांना काम मिळाले, असे सांगतात. मिळाले, कबूल. पण गवंड्याला मजुरी दिली म्हणून कागद स्वच्छ होत नाही. बयाणा मोजण्यापूर्वी घेणाऱ्याने त्या घराचा शेवटचा मालक शोधावा आणि ‘का विकलेस?’ एवढेच त्याला विचारावे. ग्रॅनाडात सापडला नाही, तर शेजारच्या कोस्टा रिकात चौकशी करावी.