गाऱ्हाण्याच्या निवाड्याला तिसरा माणूस हवा

१९८० च्या दशकात मी पूर्व भारतातील एका सार्वजनिक क्षेत्रातील कारखान्यात कार्मिक अधिकारी होतो. तेथील एका क्रेनचालकाचा एका दिवसाचा पगार कापला गेला. पाळी सुरू होताना हजेरीचे घड्याळ बंद पडले होते, त्यामुळे त्याच्या कार्डावर शिक्का उमटला नाही. आणि दुसऱ्या दिवशी त्याने केलेला खुलासा टाइम ऑफिसने मान्य केला नाही. पगाराबरोबर त्या महिन्याचा हजेरी भत्ताही गेला. त्याने रीतसर लेखी तक्रार दिली. तक्रार समितीत व्यवस्थापनाचे तीन आणि संघटनेचे तीन सदस्य होते. बैठक अडीच महिन्यांनी भरली, मते तीन विरुद्ध तीन अशी पडली आणि कागद ‘विचाराधीन’ या शेऱ्यासह माझ्या टेबलावर परत आला. पुढे एका रात्रपाळीत सुपरवायझरशी त्याच विषयावरून शब्दाला शब्द लागला आणि तो क्रेनवरून खाली उतरला. काम अडीच तास खोळंबले. आदेशभंगाचे आरोपपत्र मी लिहिले. नियमांच्या दृष्टीने त्यात एकही उणीव नव्हती. चौकशी झाली, तो बडतर्फ झाला, आणि मी ती नोकरी सोडली तेव्हा त्याचा दावा कामगार न्यायालयात चालूच होता.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी चारही श्रम संहिता अमलात आल्या, तेव्हापासून ती फाइल मला वारंवार आठवते. औद्योगिक संबंध संहितेवरील चर्चा प्रामुख्याने दोन मुद्द्यांभोवती फिरते आहे: कामगारकपातीच्या पूर्वपरवानगीसाठीची मर्यादा शंभरावरून तीनशे कामगारांवर नेणे आणि प्रत्येक उद्योगात संपापूर्वी चौदा दिवसांची नोटीस सक्तीची करणे. दोन्ही मुद्दे महत्त्वाचे आहेतच. परंतु कारखान्यातील रोजचे जगणे ज्यावर अवलंबून असते त्या कलम ४ विषयी, म्हणजे तक्रार निवारण समितीविषयी, फारसे कोणी बोलत नाही. कामगारकपात किंवा संप हे कामगाराच्या आयुष्यात एखाद-दुसऱ्या वेळी येतात. कापलेला दिवस, नाकारलेली रजा, अचानक बदललेली पाळी, अन्यायाने दिलेली ताकीद या गोष्टी दर महिन्याला घडतात.

व्यवस्थापनाच्या अधिकारांपासून सुरुवात करणे उचित ठरेल, कारण मी त्यांचा विरोधक नाही. अमेरिकेत कंपनी आणि संघटना यांच्या सामूहिक करारात व्यवस्थापनाच्या अधिकारांचे एक स्वतंत्र कलम असते: कोणते यंत्र आणायचे, कोणाला कोठे नेमायचे, उत्पादन किती घ्यायचे, शिस्त कशी राखायची. आपल्याकडे हे अधिकार एका ठिकाणी लिहिलेले क्वचितच आढळतात. ते स्थायी आदेशांत, नेमणूकपत्रांत आणि न्यायनिर्णयांत विखुरलेले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने इंडियन आयर्न अँड स्टील कंपनीच्या खटल्यात त्यांची चौकट आखून दिली. अंतर्गत कारभार आणि शिस्त हा व्यवस्थापनाचा अधिकार आहे, मात्र तो अमर्याद नाही, असे न्यायालयाने म्हटले आणि हस्तक्षेपाची चार कारणे सांगितली: सद्‌हेतूचा अभाव, सूडबुद्धी किंवा अनुचित कामगार प्रथा, मूलभूत चूक अथवा नैसर्गिक न्यायाचे उल्लंघन, आणि पुराव्याशी पूर्णतः विसंगत निष्कर्ष. १९७१ मध्ये संसदेने औद्योगिक विवाद कायद्यात कलम ११-अ घालून आणखी एक पाऊल पुढे टाकले. बडतर्फीची शिक्षा अवाजवी वाटल्यास ती बदलण्याचा अधिकार न्यायाधिकरणांना मिळाला.

या साऱ्याच्या मुळाशी एक व्यवहारी तत्त्व आहे, आणि कोणताही अनुभवी संघटना-पुढारी ते मान्य करतो. सुपरवायझरचा आदेश चुकीचा वाटला, तरी जिवाला धोका नसेल तर आधी तो पाळायचा आणि दाद नंतर मागायची. वितळलेले लोखंड समितीच्या बैठकीसाठी थांबत नाही. पण या तत्त्वात कामगार काहीतरी देऊन बसतो. आपले म्हणणे बरोबर असूनही तो त्या क्षणी माघार घेतो, कारण नंतर कोणीतरी ऐकून घेईल असे त्याला सांगितलेले असते. हे ‘नंतर’ जर कधी येणारच नसेल, तर आज्ञापालनाची मागणी कायद्याने कितीही वैध असली तरी तिचा नैतिक आधार निखळून पडतो. आमच्या क्रेनचालकाच्या बाबतीत नेमके हेच झाले होते.

भारतीय कायद्याने एकट्या कामगाराच्या गाऱ्हाण्याकडे दीर्घकाळ पाहिलेच नाही. १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा समूहाचा होता. एकट्याची तक्रार संघटनेने किंवा बऱ्याच सहकाऱ्यांनी उचलून धरली तरच ती ‘विवाद’ ठरे. १९६५ मध्ये कलम २-अ आले आणि बडतर्फ किंवा सेवामुक्त झालेल्याला एकट्याने उभे राहण्याची मुभा मिळाली. याचा अर्थ असा की नोकरी गेली तर कायद्याचे दार उघडे, पण नोकरीत राहून झालेल्या अन्यायासाठी ते बंद. क्रेनचालकाचा एक दिवस कापला गेला तेव्हा तो संघटनेच्या मर्जीवर होता. बडतर्फ होताच तो कायद्याचा पक्षकार झाला! गाऱ्हाणी चिघळू द्यायची आणि मग त्यांची दखल घ्यायची, असा हा उलटा क्रम होता.

याला पर्याय सुचवला गेला नव्हता असे नाही. मे १९५८ मध्ये नैनिताल येथील भारतीय श्रम परिषदेत, गुलझारीलाल नंदा श्रममंत्री असताना, उद्योगातील शिस्तसंहितेला मान्यता मिळाली आणि तिच्यासोबत एक आदर्श तक्रार पद्धतीही आखली गेली. ती आजही वाचण्याजोगी आहे. नेमलेल्या अधिकाऱ्याने ४८ तासांत उत्तर द्यायचे, विभागप्रमुखाने तीन दिवसांत, तक्रार समितीने सात दिवसांत शिफारस करायची. आणि व्यवस्थापनाच्या निर्णयानेही समाधान झाले नाही तर प्रकरण ऐच्छिक लवादाकडे जायचे. प्रत्येक पायरीला मुदत होती आणि शेवटच्या पायरीवर बाहेरचा, तटस्थ माणूस होता. उणीव एकच, या संहितेमागे कायद्याचे बळ नव्हते. उभय पक्षांच्या सदिच्छेवर सारे सोपवलेले होते, आणि सदिच्छा जेथे होती तेथे अशा पद्धतीची निकड मुळातच कमी होती.

लवादाची कल्पना आयात केलेली आहे असेही कोणी म्हणू नये. १९१८ मध्ये अहमदाबादच्या गिरणी कामगारांनी ३५ टक्के वाढ मागितली, मालक २० टक्क्यांवर अडून बसले. कामगारांच्या बाजूने अनसूयाबेन आणि मालकांच्या बाजूने त्यांचेच बंधू अंबालाल साराभाई उभे होते, मध्ये गांधीजी. उपोषणापर्यंत ताणलेला तो तंटा अखेर आनंदशंकर ध्रुव या विद्वान प्राध्यापकाकडे लवाद म्हणून सोपवण्यात आला, आणि त्यांनी ३५ टक्क्यांचा निवाडा दिला. १९२० मध्ये मजूर महाजन स्थापन झाले आणि तंटे लवादाने मिटवण्याची रीत त्या शहरात रुजली. ज्या देशात हे घडले, त्याच देशाच्या कायद्याने लवादाला कायम ‘ऐच्छिक’ या विशेषणाच्या आड ठेवले.

२०१० मध्ये समिती प्रथमच कायद्याच्या पुस्तकात आली. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत ती सक्तीची झाली, सदस्यसंख्या जास्तीत जास्त सहा. पण समितीच्या निर्णयाविरुद्ध अपील कोणाकडे? तर मालकाकडे. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्यापुढेच दाद मागायची, ही तरतूद लिहिणाऱ्याला आपण काय लिहितो आहोत याचा अंदाज आला नसावा.

नव्या संहितेने हे अपील काढून टाकले, हे चांगलेच झाले. आता समितीत दहापर्यंत सदस्य असतील, दोन्ही बाजूंचे समसमान. अध्यक्षपद दर वर्षी आळीपाळीने मालकाच्या आणि कामगारांच्या प्रतिनिधीकडे जाईल. महिलांना त्यांच्या प्रमाणात स्थान मिळेल. तक्रारीचा निकाल तीस दिवसांत लागावा अशी अपेक्षा आहे. निर्णय बहुमताने व्हायचा, मात्र कामगार-प्रतिनिधींपैकी निम्म्याहून अधिकांची त्याला संमती हवी. नसेल तर निर्णय झालाच नाही असे समजायचे. कामगारांवर निर्णय लादला जाऊ नये यासाठीचे हे संरक्षण आहे, आणि ते योग्यही आहे. पण उलट दिशेने पाहा. समसंख्य समितीत कामगाराच्या बाजूने निर्णय व्हायचा, तर व्यवस्थापनाच्या एका तरी सदस्याने आपल्याच वरिष्ठाच्या आदेशाविरुद्ध मत द्यायला हवे. माझ्या नोकरीच्या काळात असे करणारा अधिकारी मला भेटला नाही, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर मीही तसा नव्हतो. म्हणजे समितीसमोर येणारे प्रत्येक खरोखर वादग्रस्त प्रकरण ‘निर्णय नाही’ या शेऱ्यावर संपण्याचीच शक्यता अधिक.

त्यानंतर काय? साठ दिवसांच्या आत समेट अधिकाऱ्याकडे अर्ज, आणि तोही कामगार ज्या संघटनेचा सदस्य असेल तिच्यामार्फत. कोणत्याच संघटनेत नसलेल्याने कोठे जावे, हे कलमाच्या शब्दांतून उमगत नाही. समेट अधिकारी समजूत घालू शकतो, निवाडा देऊ शकत नाही. तेथून पुढे न्यायाधिकरण आणि त्याच्याही पुढे उच्च न्यायालय. हा रस्ता किती लांब असतो, याची कबुली संसदेनेच दिलेली आहे: कामावर परत घेण्याचा निवाडा मिळाल्यावरही मालक वरच्या न्यायालयात गेला, तर निकाल लागेपर्यंत कामगाराला अखेरचे वेतन द्यावे, असे कलम १७-ब १९८० च्या दशकात घालावे लागले.

मानेसरची घटना मला या संदर्भात टाळता येत नाही. १८ जुलै २०१२ रोजी मारुती सुझुकीच्या त्या कारखान्यात हिंसाचार झाला आणि मनुष्यबळ विभागाच्या एका अधिकाऱ्याचा जीव गेला. त्या सकाळी एक कामगार आणि एक सुपरवायझर यांच्यात वाद झाला होता. सुपरवायझरने जातिवाचक शब्द वापरले असे कामगारांचे म्हणणे, तर कामगारानेच हात उचलला असे व्यवस्थापनाचे. कामगार निलंबित झाला आणि निलंबन मागे घेण्यावरून दिवसभर वाटाघाटी चालल्या. संध्याकाळी जे घडले त्याचे समर्थन कोणतीही तक्रार करू शकत नाही. पुढे पाचशेहून अधिक कायम कामगारांना काढून टाकण्यात आले. १४८ जणांवर खटला चालला. मार्च २०१७ मध्ये गुरुग्रामच्या न्यायालयाने ३१ जणांना दोषी ठरवले, त्यांपैकी १३ जणांना जन्मठेप झाली, आणि ११७ जण निर्दोष सुटले. या निर्दोषांपैकी अनेकांची काही वर्षे तुरुंगात गेली होती. त्या पूर्वीच्या वर्षभरात तेथे संप, चांगल्या वर्तणुकीच्या हमीपत्राची सक्ती, नव्या संघटनेच्या नोंदणीचा झगडा असे बरेच काही साचले होते, त्यामुळे एका समितीने सारे टळले असते असा दावा मी करणार नाही. पण त्या दिवशी दोन परस्परविरोधी हकिकतींपैकी खरी कोणती, हे ठरवणारा दोघांच्याही विश्वासातला एकही माणूस त्या आवारात नव्हता, ही गोष्ट उरतेच.

श्रीपेरुंबुदूरला सॅमसंगच्या कारखान्यात २०२४ मध्ये ३७ दिवसांचा संप झाला. तेथे मूळ प्रश्न संघटनेच्या नोंदणीचाच होता. जेथे संघटनेला अस्तित्वासाठी झगडावे लागते, तेथे ‘संघटनेमार्फत अर्ज’ या शब्दांना किती अर्थ उरतो? कंत्राटी कामगारांची अवस्था याहून बिकट. त्यांचा कायदेशीर मालक ठेकेदार. पण पाळी लावणारा, काम वाटून देणारा आणि रागावणारा सुपरवायझर मुख्य कंपनीचा. ठेकेदाराची समिती त्याच्या निर्णयावर काय निवाडा देणार?

तटस्थ लवादाचे नाव काढताच व्यवस्थापक म्हणतात, बाहेरच्या माणसाने आमचा आदेश फिरवला तर सुपरवायझरला कोण जुमानेल? माझा अनुभव उलट सांगतो. आपला आदेश तपासला जाणार आहे हे ठाऊक असलेला सुपरवायझर आदेश देण्यापूर्वी कारण शोधतो. आणि तपासून कायम झालेल्या आदेशाला जो मान मिळतो, तो धाकाने मिळत नाही. संघटनांची धास्ती वेगळी आहे. एकेकाची गाऱ्हाणी अशी सुटू लागली तर आमच्यामागे कोण येणार, असे ती उघडपणे कोणी म्हणत नाही, पण खासगीत ऐकू येते. खरे तर आजच्या पद्धतीत पुढाऱ्याला सदस्याची पोकळ तक्रारही शेवटपर्यंत रेटावी लागते, कारण ‘तुझे चुकले’ असे सांगणे त्याला निवडणुकीत महागात पडते. ते सांगायला दुसरे कोणी असेल तर सुटका त्याचीच होईल.

यासाठी संसदेत जाण्याचीही गरज नाही. ऐच्छिक लवादाचे कलम संहितेत आहे, आणि समितीत कोंडी झाली तर पुढे काय करायचे हे वेतनकरारात आधीच लिहून ठेवण्यास कायद्याची आडकाठी नाही. पुढच्या करारावर बसताना दोन्ही बाजूंनी एक देवाणघेवाण करावी. यंत्र, पाळी, नेमणूक, उत्पादन नियोजन हे व्यवस्थापनाचे अधिकार संघटनेने करारात स्पष्ट शब्दांत मान्य करावेत. हल्ली ते संदिग्ध ठेवण्यातच दोघांना सोय वाटते. त्या बदल्यात व्यवस्थापनाने तीन लवादांची यादी संमतीने ठरवावी: निवृत्त न्यायाधीश, श्रम विभागातील माजी अधिकारी, एखादा तांत्रिक जाणकार. समितीत कोंडी होताच प्रकरण पाळीपाळीने त्यांच्यापैकी एकाकडे जावे. त्याने कारखान्यातच, वकिलांविना सुनावणी घ्यावी आणि पंधरा दिवसांत दोन पानी निवाडा द्यावा. बडतर्फीची प्रकरणे न्यायाधिकरणाकडेच राहू द्यावीत. कापलेला दिवस, नाकारलेली रजा, ताकीद, बदली, बढतीतील डावलणूक एवढ्याच गोष्टी या वाटेने जाव्यात, आणि कंत्राटी कामगाराची तक्रार मुख्य कंपनीच्या आदेशाबद्दल असेल तर तीही. मानधनाचा खर्च दोघांनी निम्मा-निम्मा वाटून घ्यावा, म्हणजे किरकोळ हट्टासाठी लवादाला बोलावण्यापूर्वी संघटनाही विचार करील आणि एका दिवसाचा पगार देऊन टाकणे स्वस्त पडते हे टाइम ऑफिसलाही कळेल.