परसांतील भेद्रें व घरचें बीं

वऱ्हाडांतील शेतकरी पऱ्हाटी, तूर व सोयाबीन यांत इतका गढून गेला आहे कीं, ज्याच्या घरीं पंचवीस एकर काळी जमीन आहे तोही भेद्र्यांसाठीं आठवडी बाजाराची वाट पाहतो. सन २०२३ च्या जुलैंत टोमॅटोचा भाव किलोस शंभर रुपयांवर गेला, तेव्हां कित्येक घरच्या भाजींतून तें फळ नाहींसें झालें. आणि सप्टेंबरांत तोच भाव कोसळून पिकविणारे रडकुंडीस आले. या चढउताराशीं शेतकऱ्याच्या चुलीचा संबंध येण्याचें वास्तविक कारण नाहीं. परसांत पंधरा-वीस झाडें नीट राखलीं तर हिंवाळ्यापासून होळीपर्यंत घरची गरज भागते, असा आमचा अनुभव आहे.

प्रश्न जातीचा आहे, आणि येथेंच आमचे बंधु चुकतात. दुकानदार जें पुडकें पुढें करील तें आणावयाचें, अशी रीत पडली आहे. त्यांत बहुधा संकरित बीं असतें, आणि तें दूरच्या बाजारासाठीं निवडलेलें असतें. फळ जाड सालीचें, घट्ट, गाडींत चार दिवस टिकणारें. ज्यास माल बाजारांत न्यावयाचा आहे त्यास तें योग्यच. पण जें फळ तोडून लागलेंच वरणांत टाकावयाचें, त्याच्या सालीची जाडी काय कामाची?

बंगलोरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का रक्षक हा संकर बोकड्या, मर व करपा या तिन्ही रोगांस तोंड देतो, हें आम्हांस मान्य आहे. ज्याच्या परसास लागून कपाशी आहे त्यानें तो खुशाल लावावा, कारण पांढरी माशी कपाशीवरही पोसते आणि भेद्र्यावर बोकड्या पसरविते तीही तीच. मात्र संकराचें बीं पुढल्या सालीं धरतां येत नाहीं. आम्हीं एके वर्षीं तो मोह केला आणि एकाच वाफ्यांत गोल, लांबट, आंबट, पाणचट अशीं नाना तऱ्हेचीं फळें पाहिलीं. घरांतील मंडळींनीं तो वाफा येणाऱ्या-जाणाऱ्यास पुष्कळ दिवस दाखविला!

घरासाठीं सरळ वाणच बरें. दिल्लीच्या संस्थेची पुसा रुबी जुनी खरी, पण चपट-गोल, किंचित् आंबट आणि लवकर येणारी. राहुरीच्या धनश्री व भाग्यश्री याही चांगल्या. आणि आपलें गांवरान भेद्रें, तें लहान, पातळ सालीचें व भरपूर बियांचें, उकिरड्याकाठीं आपोआप उगवतें म्हणून त्याची किंमत कोणी करीत नाहीं. चटणीस त्याच्यासारखें दुसरें नाहीं.

खारपाणपट्ट्यांतील बंधु म्हणतात कीं, आमच्या विहिरीचें पाणी खारें, आमच्याकडे हें व्हावयाचें नाहीं. दर्यापूर, अकोट, तेल्हाऱ्याकडील ही अडचण खरी आहे. खाऱ्या पाण्यानें मुळांस पाणी व त्याबरोबर चुना उचलतां येत नाहीं, आणि फळ बुडाशीं काळें पडून सडतें. तो रोग नव्हे. त्यावर बुरशीचें औषध मारणें म्हणजे पैसा मातींत घालणें. अशांनीं मृगांत बीं टाकून आषाढांत उंच वरंब्यावर रोपें लावावींत, म्हणजे काळींत पाणी तुंबणार नाहीं आणि बहुतेक फळें पावसाच्या ओलीवर येतील. पुढें शेततळ्याचें पाणी असेल तर तेंच द्यावें. इतरत्र मात्र भाद्रपदांत गादीवाफ्यावर बीं टाकून, त्यावर जुन्या लुगड्याचा पातळ पदर ताणून, महिन्याभरानें लावणी करणें सोयीचें. उन्हाळ्याची लावणी आम्ही सुचवीत नाहीं. अकोल्याच्या उन्हांत फूल गळतें, फळ धरत नाहीं.

भेद्र्याचें फूल बहुतेक आपल्याच परागानें फळतें, म्हणून सरळ वाणाचें बीं घरीं शुद्ध राहतें. निरोगी झाडावरील दुसऱ्या-तिसऱ्या घोसाचें पूर्ण पिकलेलें फळ घ्यावें, गर वाटींत दोन दिवस आंबूं द्यावा, धुवून तळीं बसलेलें बीं सावलींत वाळवावें आणि कोरड्या बाटलींत वाण व साल लिहून ठेवावें. तीन-चार वर्षें तें उगवतें. चिमूटभर बियांत परसास पुरून शेजाऱ्यास देण्याइतकीं रोपें होतात. यंदाचें गांवरान बीं आमच्याकडे आहे, सभासदांनीं येतांना पुडी आणावी.