भाड्याचे घर बांधायचे कोणी?

पोखर्णी (जि. परभणी) : परभणी-गंगाखेड मार्गावरील पोखर्णी हे गाव मराठवाड्यात नृसिंहाच्या देवस्थानासाठी ओळखले जाते. गावाच्या नावाने रेल्वे स्थानक आहे. आणि या स्थानकाचा उपयोग केवळ भाविकांनाच होतो असे नाही. सोयाबीन, कापूस आणि तुरीच्या भावावर ज्या घरांचे वर्ष अवलंबून आहे, त्या घरांतील शिकलेली मुले येथूनच पुणे, मुंबई किंवा छत्रपती संभाजीनगरची वाट धरतात. नोकरी मिळाली की पहिला प्रश्न पगाराचा नसतो, राहण्याचा असतो. ओळखीच्या गाववाल्याच्या खोलीवर चार दिवस, मग कॉट बेसिसवर एक खाट, मग तिघांनी मिळून एक खोली, असा हा ठरलेला प्रवास आहे. त्यात अनामत रक्कम, दलालाची दलाली आणि अकरा महिन्यांनी पुन्हा सामान उचलण्याची तयारी हेही ठरलेलेच.

घरांविषयीचे सरकारी धोरण मात्र गेली अनेक दशके एकाच स्वप्नाभोवती फिरत आले आहे, ते म्हणजे मालकीचे घर. सोडत, अनुदान, व्याजातील सवलत हे सारे विकत घेणाऱ्यासाठी. गाव सोडून नुकताच शहरात आलेला तरुण घर विकत घेण्याच्या स्थितीत नसतो. पाच-सात वर्षे तरी त्याला भाड्याचेच घर लागते. केवळ भाड्याने देण्यासाठी म्हणून घरे बांधायची, ती तशीच सांभाळायची आणि त्यातून गुंतवणूकदाराला वाजवी परतावाही मिळवून द्यायचा, हा विचार आता धोरणाच्या पातळीवर पुन्हा मांडला जात आहे. महाराष्ट्रात हा विचार नवा नाही. तो यापूर्वी दोनदा मोठ्या प्रमाणावर अमलात आला आणि दोन्ही वेळा भाड्याची घरे शेवटी मालकीची झाली.

घरे रिकामी, भाडेकरू बेघर

केंद्र सरकारच्या २०१७-१८च्या आर्थिक पाहणी अहवालाने या प्रश्नाकडे लक्ष वेधले होते. देशातील शहरांत भाड्याच्या घरांचे प्रमाण १९६१ मध्ये ५४ टक्के होते, ते २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आले. त्याच २०११च्या जनगणनेत देशातील शहरांमध्ये एक कोटी दहा लाखांहून अधिक घरे रिकामी आढळली आणि त्यांपैकी सर्वाधिक, सुमारे ४.८ लाख, एकट्या मुंबईत होती. एकीकडे खाटेसाठी रांग आणि दुसरीकडे कुलूपबंद सदनिका, असे हे चित्र आहे. घर भाड्याने देण्यापेक्षा ते रिकामे ठेवणे मालकाला अधिक सुरक्षित वाटत असेल, तर दोष केवळ घरांच्या टंचाईत शोधून चालणार नाही.

बीडीडी चाळींचा धडा

मुंबईत १९२० मध्ये तत्कालीन गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झाले. गिरणी कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधण्याचा संकल्प होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. खोली १६० चौरस फुटांची. योजना कर्जाच्या पैशावर उभी होती, त्यामुळे बांधकामाचा आणि व्याजाचा भार भाड्यावर आला. कामगाराला ते भाडे परवडेना आणि वरळीच्या चाळी गिरण्यांपासून लांब पडत. परिणामी सुरुवातीच्या वर्षांत कितीतरी खोल्या रिकाम्याच राहिल्या. १९३०च्या सविनय कायदेभंगाच्या काळात तर वरळीच्या चाळींचा वापर तात्पुरत्या तुरुंगासाठी झाला.

त्याच दशकात युरोपातील व्हिएन्ना शहराने नेमका उलटा मार्ग निवडला. १९२३ मध्ये स्वतंत्र गृहनिर्माण कर बसवून तेथील पालिकेने घरे बांधली. १९१९ ते १९३४ या काळात सुमारे ६० हजार घरे उभी राहिली. खर्च करातून भागल्याने भाडे कमी ठेवता आले आणि घरे भरली. आजही त्या शहराच्या मालकीची सुमारे दोन लाख वीस हजार घरे भाड्याने दिलेली आहेत. मुंबईच्या बीडीडी चाळींमधील रहिवाशांना मात्र आता पुनर्विकासात ५०० चौरस फुटांची मालकीची घरे मिळत आहेत. वरळीतील पहिल्या ५५६ रहिवाशांना ऑगस्ट २०२५ मध्ये चाव्या देण्यात आल्या. तीन-चार पिढ्या एका खोलीत काढलेल्या कुटुंबांना हा न्यायच आहे. तथापि, सरकारच्या मालकीचा भाड्याच्या घरांचा एक मोठा साठा त्याबरोबर संपत चालला आहे, हेही नोंदवले पाहिजे.

गोठलेले भाडे

दरम्यानच्या काळात खासगी मालकाने भाड्यासाठी इमारत बांधणे जवळजवळ थांबले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील टंचाईतून आलेल्या भाडेनियंत्रणाला १९४७च्या कायद्याने बळकटी दिली आणि प्रमाणित भाडे १९४०च्या पातळीवर गोठले. भाडेकरूला संरक्षण मिळाले. पण दुरुस्तीचा खर्चही न निघणारी मिळकत सांभाळण्यात मालकाला रस उरला नाही. पागडीचा व्यवहार फोफावला, इमारती खचत गेल्या. दक्षिण व मध्य मुंबईतील एकोणीस हजारांहून अधिक इमारतींच्या दुरुस्तीसाठी उपकर बसवावा लागला, तो याच दुर्दशेमुळे. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, गोठवलेल्या भाड्याच्या या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचे मत नोंदवले. त्यानंतर आलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २०००पासून लागू झाला. त्याने वर्षाला चार टक्के भाडेवाढीची मुभा दिली, करार लेखी करून नोंदवणे बंधनकारक केले आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली. मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्या परवानाधारकाकडून दुप्पट रक्कम घेण्याची तरतूदही त्यात आहे.

तरीही मालकाच्या मनातील जुनी भीती गेली नाही. अकरा महिन्यांच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’ कराराची प्रथा ही त्या भीतीचीच खूण आहे.

पाच लाख घरांचा संकल्प

दुसरा मोठा प्रयोग २००८चा. मुंबई महानगर प्रदेशात पाच वर्षांत भाड्याची पाच लाख घरे उभारण्याची घोषणा झाली. विकासकाने जादा चटई क्षेत्र घ्यावे आणि त्या बदल्यात १६० चौरस फुटांची घरे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे विनामूल्य सुपूर्द करावीत, अशी ती योजना होती. शतकापूर्वीच्या चाळीतील खोलीइतकेच हे घर होते, हा योगायोग बोलका आहे. सरकारच्या तिजोरीवर भार नाही म्हणून योजना आकर्षक वाटली. परंतु लहान घरांची दाटी, पाणी व रस्त्यांवरील ताण आणि हजारो भाडेकरूंकडून दरमहा वसुली कोणी करायची, हे प्रश्न पुढे आले. काही वर्षांतच भाड्याची संकल्पना मागे पडली आणि विक्रीची ‘परवडणारी घरे’ पुढे आली.

पनवेलजवळील कोन येथील घरांची कथा या दृष्टीने पुरेशी आहे. भाड्यासाठी बांधलेली ही घरे दोन-दोन जोडून ३२० चौरस फुटांची करण्यात आली. डिसेंबर २०१६ मध्ये अशा २,४१७ घरांची गिरणी कामगारांसाठी सोडत निघाली आणि किंमत सहा लाख रुपये ठरली. त्यानंतर करोनाकाळात तेथे विलगीकरण केंद्र चालवले गेले आणि विजेत्यांना ताबा मिळायला वर्षे लागली. वरळीच्या चाळींचा तुरुंग झाला होता, कोनच्या घरांचे विलगीकरण केंद्र झाले. ज्याच्यासाठी घर बांधले तो भाडेकरू दोन्ही वेळी दाराबाहेरच राहिला.

गणित कोठे अडते?

खासगी गुंतवणूकदार या क्षेत्रात का येत नाही, याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. चाळीस लाखांच्या घराचे भाडे महिना दहा हजार धरले, तर वर्षाला एक लाख वीस हजार, म्हणजे तीन टक्के होतात. त्यातून मालमत्ता कर, देखभाल आणि घर रिकामे राहण्याचे महिने वजा जातात. त्याच चाळीस लाखांवर नऊ टक्क्यांनी व्याज वर्षाला तीन लाख साठ हजार. बांधून विकणाऱ्याला दोन-तीन वर्षांत भांडवल परत मिळते. भाड्याने देणाऱ्याला ते आयुष्यभर मिळत नाही. शेअर बाजारात नोंदलेले स्थावर मालमत्ता न्यास २०१९पासून देशात आले. पण त्यांचे पैसे प्रामुख्याने कार्यालये आणि मॉलमध्ये आहेत, निवासी भाड्यात नाहीत, याचे कारणही हेच.

केंद्राने जुलै २०२०मध्ये, टाळेबंदीत गावाकडे पायी निघालेल्या मजुरांच्या पार्श्वभूमीवर, परवडणाऱ्या भाड्याच्या घरसंकुलांची योजना आणली. सरकारी पैशातून बांधून पडून असलेली घरे भाड्याने देणे हा तिचा एक भाग होता. त्यातून देशभरात ५,६४८ घरेच वापरात आली. स्वत:च्या जमिनीवर संकुल बांधणाऱ्यांसाठीच्या दुसऱ्या भागाला तुलनेने बरा प्रतिसाद मिळून ८२,२७३ घरांचे प्रस्ताव मंजूर झाले. यातील फरक उद्बोधक आहे. जमिनीची किंमत हिशेबातून वगळली, की गणित बदलते.

श्रीपेरुंबुदूरचे उदाहरण

तामिळनाडूत चेन्नईजवळील श्रीपेरुंबुदूर परिसरात याचा प्रत्यय येतो. डिसेंबर २०२१ मध्ये तेथील वसतिगृहातील निकृष्ट जेवणामुळे मोबाइल कारखान्यातील अनेक महिला कामगार आजारी पडल्या आणि कामगारांनी महामार्ग रोखला. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्याच्या औद्योगिक महामंडळाने स्वत:च्या जमिनीवर बांधलेले १८,७२० महिलांचे निवाससंकुल सुरू झाले. खर्च ७०६ कोटी ५० लाख रुपये. त्यात स्टेट बँकेचे ४९८ कोटींचे कर्ज आणि केंद्राचे ३७ कोटी ४४ लाखांचे अनुदान. म्हणजे एका खाटेमागे सुमारे पावणेचार लाख रुपये. या संपूर्ण रकमेवर नऊ टक्के व्याज धरले तरी खाटेमागे महिना साधारण अठ्ठावीसशे रुपये पडतात. कारखान्यातील पगारात, किंवा कारखानदाराच्या खर्चात, ही रक्कम बसू शकते.

अर्थात या नमुन्यातही उणीव आहे. एका खोलीत सहा जणी राहतात आणि निवास नोकरीला बांधलेला आहे. नोकरी गेली की खाटही गेली, अशी व्यवस्था म्हणजे घर नव्हे. भाडेकरार कंपनीशी न होता राहणाऱ्या व्यक्तीशी झाला, तरच त्याला निवासाचा पुरावा, बँक खाते, शिधापत्रिका आणि मतदार यादीतील नाव मिळवणे सोपे जाते.

बिडकीनच्या आधी

मराठवाड्यासाठी हा प्रश्न आता दूरचा राहिलेला नाही. शेंद्रा-बिडकीन औद्योगिक क्षेत्रात टोयोटा किर्लोस्करने २०२४ मध्ये सुमारे वीस हजार कोटींच्या प्रकल्पासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. परभणीपासून छत्रपती संभाजीनगर सुमारे दोनशे किलोमीटर; पोखर्णीच्या मुलाने रोज ये-जा करण्याचा प्रश्नच नाही. खुद्द परभणीतही १९७२मध्ये स्थापन झालेले कृषी विद्यापीठ आणि २०२३मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांमुळे खोल्यांची मागणी आहे. ती बहुतांशी भागवतो तो घरावर एक मजला चढवून दोन खोल्या काढणारा सामान्य घरमालक. त्याला स्वस्त कर्ज वा सुटसुटीत नोंदणीची मदत देणारी योजना अद्याप दिसत नाही.

राज्य मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये मंजूर केलेल्या गृहनिर्माण धोरणात २०३० पर्यंत ३५ लाख घरांचे उद्दिष्ट असून, विद्यार्थी, नोकरदार महिला आणि औद्योगिक कामगारांच्या निवासाचा त्यात समावेश आहे. केंद्राच्या जून २०२१च्या आदर्श भाडेकरार कायद्याने निवासी अनामतीवर दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचवली. १९९९च्या राज्य कायद्यात अशी मर्यादा नाही. ती आणण्यास विलंब लावण्याचे कारण नाही.

मात्र खरी कसोटी दुसरीच आहे. औद्योगिक महामंडळाकडे जमीन आहे आणि बँका दीर्घ मुदतीचे कर्ज देऊ शकतात. प्रश्न आहे तो दहा-पंधरा वर्षांनी ‘आता ही घरे रहिवाशांच्या नावे करा’ ही मागणी आल्यावर सरकार काय करणार, याचा. त्या क्षणी एका पिढीला घर मिळते आणि मागून येणाऱ्या सर्व पिढ्यांची खोली जाते. म्हणून अशा जमिनीवरील घरे विकता येणार नाहीत, असे बंधन पहिली वीट रचण्यापूर्वीच कायद्याने घालावे लागेल. अन्यथा बिडकीनमध्येही चाळी आणि कोनचाच तिसरा अंक घडेल, आणि पोखर्णीहून निघालेला तरुण पुन्हा गाववाल्याच्या खोलीवर चार दिवसांची सोय शोधत फिरेल.