कोंडवाडा आहे, अंगणवाडी नाही

राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिका-महापालिकांकडे सोपवायच्या १८ कामांची यादी आहे. तीत स्मशाने आहेत, कत्तलखाने आहेत, कोंडवाडेही आहेत. महिला व बालविकास मात्र नाही. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत तो विषय स्वच्छ शब्दांत नोंदलेला आहे. दोन्ही याद्या १९९२ च्या आणि एकाच संसदेने मंजूर केलेल्या. गावातल्या बालकाची काळजी पंचायतीने घ्यावी आणि शहरातल्याची कोणीच घेऊ नये, असे तेव्हा कोणी ठरवून केले असेल असे नव्हे. पण व्यवहारात झाले ते तसेच. महाराष्ट्रात ग्रामीण आणि आदिवासी भागातल्या अंगणवाड्या जिल्हा परिषदेमार्फत चालतात, शहरांतल्या थेट राज्याच्या बालविकास आयुक्तालयाच्या अखत्यारीत. त्यात शिक्षण हक्क कायदा सहाव्या वर्षी सुरू होतो. तीन वर्षांवरील मुलांची सोय त्याच्या ११ व्या कलमाने सरकारच्या मर्जीवर सोडली आहे. हक्क असता तर पैशाला त्याच्या मागे यावे लागले असते. तो नसल्याने पैसा कोणाच्या हाती आहे, यावरच बालशिक्षण कुठे पोहोचणार हे ठरते.

शहरांकडे आधी पाहू. राज्यातल्या अंगणवाड्यांच्या ५५३ बालविकास प्रकल्पांपैकी शहरी अवघे १०४ आणि २०११ च्या जनगणनेनुसार शहरांत राहणारी लोकसंख्या ४५ टक्के. प्रकल्पांचा आकार सारखा नसतो हे मान्य केले तरी ही तफावत झाकली जात नाही. वस्तीतली अंगणवाडी बहुधा भाड्याच्या एका खोलीत भरते. एका कोपऱ्यात वजनकाटा आणि रजिस्टरांची चळत, दुसऱ्यात आहाराची पाकिटे, उरलेल्या जागेत मुले. शौचालय शेजाऱ्यांच्या मेहेरबानीवर. गावात अंगणवाडीची इमारत बांधायची तर १२ लाखांचा हिशेब केंद्राने घालून दिला होता: आठ लाख रोजगार हमीतून, दोन लाख वित्त आयोगाच्या अनुदानातून, दोन लाख महिला व बालविकास खात्याकडून. शहरात रोजगार हमीच नाही, त्यामुळे हे गणित मांडताच येत नाही. जागा असते ती महापालिकेकडे, पण अंगणवाडी तिची नसते. २०२५-२६ साठी ७४,४२७ कोटींचे अंदाजपत्रक मांडणारी मुंबई महापालिका स्वतःच्या बालवाड्या संस्थांमार्फत वेगळ्या चालवते. पलीकडच्या गल्लीत राज्याची अंगणवाडी भाड्याच्या खोलीत. या दोन्हींच्या मधली जागा खासगी ज्युनिअर केजीने व्यापली आहे. धुणीभांडी करणारी आई त्याची फी भरते ती हौसेने नव्हे.

मग जिथे विषय स्थानिक संस्थेकडे आहे, त्या ग्रामीण भागात सारे आलबेल आहे काय? तसेही नाही. जिल्हा परिषदांनी आणि ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्चावेत, असा राज्याचा दंडक आहे. पण या निधीतून वर्षानुवर्षे काय घेतले जाते ते कोणत्याही जिल्ह्यातल्या लाभार्थी याद्या सांगतील: शिलाई यंत्रे, पिठाच्या गिरण्या, सायकली. वस्तू वाटली की छायाचित्र निघते. तीन वर्षांच्या मुलाशी दिवसभर बोलणाऱ्या प्रशिक्षित ताईचे छायाचित्र कोण काढणार! शिवाय दहा टक्के कशाचे, हा प्रश्न आहेच. जिल्हा परिषदेच्या उत्पन्नात मुद्रांक शुल्काचा वाटा मोठा. पुण्याभोवती जमिनींचे व्यवहार धडाक्यात होतात, तिथे तिजोरी भरते. गडचिरोली-नंदुरबारात ते होत नाहीत, तिथे दहा टक्क्यांना अर्थ उरत नाही. एमआयडीसीशेजारची ग्रामपंचायत अंगणवाडीला रंग, पंखे, खेळणी सहज पुरवते. अक्कलकुव्याच्या पाड्यावर विजेच्या बिलाचीही पंचाईत. कुपोषण जिथे सर्वाधिक, तिथेच स्थानिक पैसा सर्वांत कमी. भरीस भर म्हणून २०२२ पासून काही वर्षे बहुतेक जिल्हा परिषदांत आणि महापालिकांत प्रशासकराज होते. सभागृहेच नसल्याने तिथे महिला व बालकल्याण समित्या उरल्या नाहीत आणि लोकनियुक्त संस्था नव्हत्या म्हणून वित्त आयोगाचे अनुदानही अडले.

तरीही बालशिक्षणाचे अधिकार आणि पैसा स्थानिक संस्थांकडेच द्यावा, असे म्हटले की पहिला आक्षेप येतो तो असा की, जी व्यवस्था आज विषमता वाढवते तिच्याच हाती अधिक काय द्यायचे? सारे राज्याकडेच ठेवावे, निदान मानधन तरी सर्वत्र सारखे राहील. मानधनापुरता हा युक्तिवाद खरा आहे आणि सेविका-मदतनिसांचे मानधन राज्यानेच द्यावे. पण वस्तीत खोली कुठे मिळेल, नळजोडणी कधी होईल, स्थलांतरित मजुरांची मुले कोणत्या बांधकामावर आहेत, हे मंत्रालयात बसून कळत नाही. विषमतेवरचा उपाय अधिकार काढून घेणे हा नसून अनुदान मुलांच्या संख्येवर आणि गरजेवर बेतणे हा आहे. त्यासाठी घटनेने राज्य वित्त आयोग दिलेला आहे. त्याच्या शिफारशी कपाटात ठेवायच्या आणि स्थानिक संस्था दुबळ्या म्हणून गळा काढायचा, हे आपण किती वर्षे करणार? दुसरा आक्षेप भ्रष्टाचाराचा. खेळणी खरेदीत टक्केवारी होईल, हे खरेच. पण ती मंत्रालयातल्या खरेदीतही होते आणि तिथे जाब विचारायला ग्रामसभा नसते. केरळने १९९६ च्या लोकनियोजन मोहिमेत योजना खर्चाचा ३५ ते ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांकडे वळवायचे ठरवले. अंगणवाड्या तिथे पंचायतींप्रमाणे नगरपालिकांच्याही आहेत आणि पूरक आहाराच्या खर्चातही त्या वाटा उचलतात. महाराष्ट्रानेही आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी २०१५ पासून पेसा कायद्याखालच्या आदिवासी भागातल्या ग्रामपंचायतींना थेट दिला आहे. उत्पन्न नसलेल्या गावाच्या हाती पैसा देणे आपल्याला जमते, ते असे.

आता गरज आहे ती महापालिका आणि नगरपालिका कायद्यांत दुरुस्तीची. प्राथमिक शिक्षण हे महापालिकांचे बंधनकारक कर्तव्य आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानल्यावर त्या कलमात पूर्वप्राथमिक न घालण्याचे कारण उरत नाही. महापालिकांच्या महिला व बालकल्याणासाठीच्या पाच टक्के निधीतला निम्मा वाटा तीन ते सहा वयोगटासाठी राखून ठेवावा, विकास आराखड्यात अंगणवाडीसाठी आरक्षणे टाकावीत आणि नव्या गृहप्रकल्पांना परवानगी देतानाच तळमजल्यावरची एक खोली महापालिकेच्या ताब्यात घ्यावी. बिल्डर मंडळी कुरकुरतील. वाहनतळासाठी मजलेच्या मजले सोडताना ती कुरकुरत नाहीत.