रोमनगरीत आम्ही काय पाहिले?

गतवर्षी दिवाळीच्या सुटीत आम्ही रोमला जाऊन आलो. शाळा उघडली त्या दिवशी आठवीच्या वर्गात पाऊल टाकताच पहिला प्रश्न आला तो असा : “सर, तिकडे किती ठिकाणे पाहिलीत?” आम्ही म्हणालो, “नीट पाहिली ती पाच.” “पाच दिवसांत पाचच?” असे म्हणून प्रश्नकर्ता खाली बसला, आणि साऱ्या वर्गाच्या मुद्रेवर निराशा पसरली. शिक्षकांच्या खोलीत, शेजारीपाजारी, आप्तेष्टांच्या घरीही हाच प्रश्न आम्हांस करण्यात आला. काय पाहिले असे फार थोड्यांनी विचारले. किती पाहिले असे बहुतेकांनी विचारले. या प्रश्नातच आपल्या प्रवासाच्या कल्पनेतील मोठा दोष दडलेला आहे असे आमचे मत झाले असून, तेच येथे मांडण्याचा विचार आहे.

प्रथमच आमचा अपराध कबूल करतो. घरून निघताना आम्हीही एकतीस स्थळांची यादी करून ती खिशात घातली होती. वर्षानुवर्षे थोडेथोडे शिल्लक टाकून जमविलेल्या पैशांतून हा प्रवास घडत होता. तेव्हा एकही स्थळ सुटता कामा नये, असा आमचा कृपण बाणा होता. पहिल्या दिवशी सकाळी सातापासून रात्री आठापर्यंत आम्ही पायपीट केली आणि नऊ स्थळांवर खुणा केल्या. प्रत्येक ठिकाणी छायाचित्र काढावयाचे, यादीवर रेघ मारावयाची आणि पुढे धावावयाचे, हाच क्रम. तहान लागली म्हणजे रस्त्याच्या कडेला अहोरात्र वाहणाऱ्या लोखंडी नळांचे थंड पाणी ओंजळीने प्यावे. मोठ्या नाकासारख्या वाकड्या तोटीमुळे तेथील लोक त्या नळांस ‘नाझोने’ म्हणजे थोरले नाक म्हणतात, आणि हे नळ 1874 पासून वाटसरूंची तृषा फुकट भागवीत आहेत.

रात्री बिऱ्हाडी येऊन रोजनिशी लिहावयास बसलो, तेव्हा डोळे उघडले. टायटसची कमान आणि कॉन्स्टंटाइनची कमान या दोन्ही आम्ही त्याच दिवशी पाहिल्या होत्या. परंतु कोणत्या कमानीवर काय कोरले आहे हे काही केल्या आठवेना. भ्रमणध्वनीतील चित्रे उघडून पाहिली, तो टायटसच्या कमानीपुढे आम्हीच हसत उभे होतो. त्या कमानीचे प्रसिद्ध शिल्प तिच्या पोटात, दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आहे; ते आमच्या चित्रात नव्हते, आणि स्मरणातही नव्हते. हजारो मैल जाऊन आम्ही आमचेच तोंड पाहून आलो होतो! आयुष्याची वीस वर्षे इतिहास व भाषा शिकविण्यात घालविलेल्या मनुष्यास याची लाज वाटावी हे उचितच होय. त्या रात्री यादी फाडून टाकली आणि उरलेल्या चार दिवसांत थोडेच पाहावयाचे, परंतु समजेपर्यंत पाहावयाचे, असा निश्चय केला.

दुसऱ्या दिवशी पँथिऑनपाशी गेलो. दर्शनी भागावरील ठळक लॅटिन अक्षरे, ही वास्तू मार्कस अग्रिप्पाने बांधली असे सांगतात. धावता प्रवासी ते वाचतो, खरे मानतो आणि पुढे जातो. वस्तुतः अग्रिप्पाची इमारत जळून गेली होती, आणि आज उभी असलेली वास्तू इ. स. 126 च्या सुमारास हेड्रियन बादशहाच्या कारकिर्दीत पुरी झाली. हे कळले कशावरून? विटांवरून! रोमन वीटभट्ट्यांतील विटांवर शिक्के मारीत असत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अभ्यासकांनी येथील विटांचे शिक्के तपासले आणि ते हेड्रियनच्या काळाचे ठरले. माथ्यावर एक नाव आणि भिंतीच्या पोटात दुसरीच साक्ष! हेड्रियनने जुन्या कर्त्याचेच नाव माथ्यावर राहू दिले, हीदेखील विचार करण्याजोगी गोष्ट होय.

आत घुमटाचा व्यास 43.3 मीटर आहे, आणि जमिनीपासून घुमटाच्या शिखरापर्यंतची उंचीही नेमकी तेवढीच. म्हणजे त्या पोकळीत एक संपूर्ण गोल बसावा. लोखंडी सळ्यांचा आधार नसलेला एवढा मोठा काँक्रीटचा घुमट आजही जगात दुसरा नाही. वर जावे तसतसे काँक्रीटमधील दगड हलके होत जातात, आणि अगदी माथ्याशी तर स्पंजासारखा सच्छिद्र ज्वालामुखी दगड घातलेला आहे. शिखरावर एक मोठे गोल उघडे छिद्र आहे. आम्ही गेलो त्या दिवशी पाऊस होता. पावसाची धार सरळ आत पडत होती, आणि किंचित फुगीर बांधलेल्या फरशीवरून ओघळून बारीक भोकांवाटे नाहीशी होत होती. आम्ही तेथे दीड तास बसलो. त्या अवधीत कितीतरी मंडळ्या आल्या, माना वर करून चित्रे काढून गेल्या. परंतु पायांखालच्या त्या भोकांकडे पाहणारे फार थोडे आढळले. इ. स. 609 पासून ही वास्तू ख्रिस्ती मंदिर म्हणून वापरात आहे, आणि तिच्या रक्षणास ते एक मोठे कारण झाले.

तिसऱ्या दिवशी पुन्हा तिकीट काढून टायटसच्या कमानीपाशी गेलो. घाईचा हा दंड होता, तो निमूटपणे भरला. या वेळी कमानीच्या पोटात उभे राहिलो. एका भिंतीवर रथारूढ टायटस आहे. समोरच्या भिंतीवर रोमन शिपाई यरुशलेमच्या मंदिरातून लुटलेला सात शाखांचा दीपवृक्ष खांद्यावर घेऊन मिरवीत आहेत. इ. स. 70 मध्ये ते मंदिर उद्ध्वस्त झाले. रोमवासी यहुदी लोक शतकानुशतके या कमानीखालून जाण्याचे टाळीत असत, असे सांगतात. जेत्यांनी ती आनंदाने उभारली. परंतु ज्यांचे मंदिर गेले त्यांच्या डोळ्यांनी तिच्याकडे पाहिले म्हणजे तोच दगड निराळे बोलू लागतो. पारतंत्र्य भोगलेल्या देशातील माणसास हे सांगावे लागू नये. तथापि पहिल्या दिवशीच्या घाईत आम्हांस ते सुचलेही नव्हते.

तेथून कोलोसियम अगदी जवळ. त्याची बांधणी व्हेस्पेशियनने आरंभिली, आणि इ. स. 80 मध्ये त्याचा पुत्र टायटस याने ते खुले केले. यहुद्यांशी झालेल्या युद्धातील लुटीच्या द्रव्यातून ते उभारले गेले असे अभ्यासक मानतात. म्हणजे ती कमान आणि हे रंगण एकाच ग्रंथाची दोन पृष्ठे होत. भिंतींवर जागोजागी देवीच्या व्रणांसारखी भोके दिसतात. दगड एकमेकांस जखडण्यासाठी घातलेले लोखंडी आकडे मध्ययुगात लोकांनी खणून काढले, त्यांच्या या खुणा. 1349 च्या भूकंपात दक्षिणेकडील मोठा भाग कोसळला, आणि त्या दगडांनी पुढे अनेक वाडे व मंदिरे बांधली गेली. जेथे सहस्रावधी मनुष्ये व जनावरे लोकांच्या करमणुकीसाठी मारली गेली, त्याच वास्तूवर विसाव्या शतकाच्या अखेरीपासून एक निराळा दिवा लागू लागला : जगात कोठे देहान्ताची शिक्षा रद्द झाली म्हणजे कोलोसियम विशेष प्रकाशाने उजळावे, असा उपक्रम सुरू झाला व तो अनेकदा पाळला गेला. दगड तेच राहिले. त्यांचा अर्थ मात्र माणसांनी बदलला.

चौथा दिवस आम्ही कोलोसियमपासून थोड्याच अंतरावरील सान क्लेमेन्ते या मंदिरास दिला. वरचे मंदिर बाराव्या शतकातील. 1857 मध्ये तेथील आयरिश धर्मगुरू फादर जोसेफ मलूली यांनी खाली खणण्यास आरंभ केला, तो चौथ्या शतकातील दुसरे मंदिर हाती लागले. त्याच्याही खाली पहिल्या शतकातील इमारती, आणि त्यांत पुढे थाटलेले मिथ्र देवाचे देवालय. पायऱ्या उतरू लागावे, म्हणजे दर मजल्यास काही शतके मागे पडतात. अगदी तळाशी गेल्यावर अंधारात वाहत्या पाण्याचा आवाज येतो. या पाण्याने एकेकाळी तळमजला भरून जाई. विसाव्या शतकाच्या आरंभी बोगदा खणून त्यास वाट काढून देण्यात आली.

मधल्या मंदिराच्या भिंतीवर अकराव्या शतकाच्या अखेरचे एक चित्र आहे. एक धनिक आपल्या नोकरांस संत क्लेमेंट यास ओढून नेण्याची आज्ञा करीत आहे. नोकर बिचारे एक खांबच संत समजून ओढीत आहेत! चित्रात माणसांचे बोलणेही लिहिलेले आहे : संताचे शब्द लॅटिनमध्ये, परंतु मालकाचे शब्द बाजारात बोलल्या जाणाऱ्या लोकभाषेत. इटालियन भाषेच्या अतिशय जुन्या लेखी नमुन्यांत या ओळींची गणना होते. पहिल्या दिवशी आम्हीही रोम समजून एक खांबच ओढीत होतो, हे त्या नोकरांकडे पाहून पटले.

अखेरच्या दिवशी क्विरिनाल टेकडीवर गेलो. तेथील संत अँड्र्यू यांचे मंदिर बेर्निनीने सतराव्या शतकात बांधले. त्याची कीर्ती शिल्पकलेसाठी. आमचे कारण निराळे होते. त्या मंदिरापूर्वीपासून त्या जागी येशूसंघात नव्याने दाखल होणाऱ्यांचे शिक्षणगृह होते. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज तरुण 1575 मध्ये रोम येथे येशूसंघात दाखल झाला. चार वर्षांनी तो गोव्यास पोहोचला, मराठी शिकला, आणि 1616 मध्ये त्याचे मराठी ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ रायतूर येथे छापून निघाले. आमच्या फाडलेल्या यादीत हे स्थळ नव्हते, कारण ती यादी दुसऱ्यांनी केलेल्या याद्यांवरून उतरलेली होती. घरच्या पुस्तकाने येथवर वाट दाखविली. मंदिरात आम्ही सोडून तीनच माणसे होती; परंतु परदेशाच्या राजधानीत आम्हांस परकेपणा वाटला नाही तो तेथेच.

यावर कोणी म्हणतील, “जन्मात एकदाच जावयाचे, मग सारे पाहून घेतले तर काय बिघडले?” आक्षेप पोकळ नाही. सामान्य मनुष्यास दुसऱ्यांदा जाणे साधेलच असे नाही, आणि आमचीही अनेक नामांकित स्थळे राहून गेली याची चुटपुट लागली आहे. परंतु एकदाच जेवावयास मिळणार म्हणून सर्व पात्रांतील एकेक शीत चाखून उठणारा मनुष्य उपाशीच राहतो. एकदाच जावयाचे आहे, म्हणूनच जे पाहावयाचे ते बरोबर घेऊन येता आले पाहिजे.

हे सारे रोमपुरते असते तर आम्ही एवढे लिहिले नसते. आपल्या शाळेच्या सहली आम्हीच आखतो. मागच्या सहलीत तीन दिवसांत अकरा स्थळे पाहिली, असे आम्ही या पालकवर्गास अभिमानाने कळविले होते. नंतर मुलांनी लिहिलेले निबंध तपासले, तो बहुतेकांत बसमधील गाणी, खिडकीची जागा आणि दुपारचे जेवण यांचेच वर्णन होते. आम्ही मुलांवर रागावलो. आता वाटते, दोष त्यांचा नव्हता. अर्ध्या अर्ध्या तासात त्यांस दुसरे काय दिसणार?

म्हणून आमची सूचना अशी आहे : येत्या सहलीत एका दिवसास एकच स्थळ असावे. उदाहरणार्थ, कार्ल्याच्या लेण्यास सबंध दिवस द्यावा. तेथील चैत्यगृहाच्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत, आणि त्यांत धेनुकाकट गावच्या यवनांचाही उल्लेख आहे. निघण्यापूर्वी आठ दिवस वर्गात ती अक्षरे ओळखावयास शिकावी. तेथे गेल्यावर प्रत्येक विद्यार्थ्याने एक खांब निवडावा, त्याच्यापुढे बसावे आणि दिसेल ते वहीत उतरून घ्यावे. छायाचित्रे परत निघताना काढावी.

पालकांस एक विनंती आहे. सहलीची वर्गणी तीच राहील आणि स्थळे कमी होतील, तेव्हा तक्रार करावीशी वाटेल, हे आम्ही जाणतो. ती अवश्य करावी. परंतु मुले घरी परतली म्हणजे प्रथम त्यांस ‘काय पाहिलेस?’ एवढे विचारावे, आणि उत्तर पुरे होईपर्यंत ऐकून घ्यावे. त्यानंतरही तक्रार शिल्लक राहिली, तर आमच्याकडे यावे. आम्ही पुढल्या वर्षी अकरा स्थळांची सहल पुन्हा काढू.