बँक वाचते, आपण वाचत नाही

बंगळुरूत नोकरी करणारा माझा पुतण्या काही महिन्यांपूर्वी घरी आला होता. क्रेडिट कार्डाचा विषय निघाला, तेव्हा तो अभिमानाने म्हणाला, ‘काका, मी एकदाही बिल चुकवलेले नाही.’ त्याची विवरणपत्रे पाहिल्यावर या वाक्याचा खरा अर्थ उमगला. वर्षभर तो दरमहा केवळ ‘किमान देय रक्कम’ भरत होता. ती भरली की कार्ड चालू राहते, विलंबशुल्क लागत नाही. कर्ज मात्र जवळपास होते तिथेच राहते.

हिशेब अवघड नाही. बिल ४०,००० रुपयांचे असेल आणि किमान रक्कम पाच टक्के धरली, तर २,००० रुपये भरून ३८,००० उरतात. दरमहा साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के, हा आपल्याकडील कार्डांवर सर्रास आढळणारा दर आहे. त्या दराने महिन्याचे व्याज १,३३० रुपये होते आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की सुमारे १,५७०. म्हणजे पुढच्या महिन्यात भरलेल्या दोन हजारांपैकी मुद्दलात जेमतेम ४३० रुपये जातात. शिवाय थकबाकी असेपर्यंत बिनव्याजी मुदत मिळत नाही.

पुतण्याला उपदेश करण्यापूर्वी मी स्वतःची बारा महिन्यांची विवरणपत्रे काढली. मी बिल नेहमी पूर्ण भरतो. म्हणूनच ती कधी वाचली नव्हती. वर्षाचा खर्च ३,८४,००० रुपये होता. त्यातील १,९६,००० किराणा, वीज, इंधन, औषधे आणि विम्याचे. ७४,००० ठरवून केलेल्या खरेदीचे आणि प्रवासाचे. उरलेले १,१४,००० रुपये ३९१ नोंदींत विखुरलेले होते. सरासरी नोंद तीनशे रुपयांचीही नाही. मोबाइलवर आलेल्या संदेशांशी वेळा ताडून पाहिल्या, तर त्यातील बहुतेक खर्च रात्री नऊनंतरचे निघाले. थकवा आणि कंटाळा यांचेच ते बिल होते. एका सेवेचे शुल्क तर सात महिने आपोआप कापले जात होते आणि ती सेवा मी उघडलीही नव्हती. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्येक कपातीपूर्वी सूचना येत होती. मीच ती वाचत नव्हतो.

हा केवळ वैयक्तिक गाफीलपणा नाही. अमेरिकेतील एमआयटीच्या ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांसाठी रोखीऐवजी कार्डाने पैसे द्यायचे असणाऱ्यांनी सुमारे दुप्पट बोली लावली होती. हातातून नोट जाताना जी टोचणी लागते, ती कार्ड बोथट करते. आपल्याकडे २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयशी जोडता येऊ लागले आणि कोपऱ्यावरच्या दुकानातील छोटी खरेदीही उधारीच्या कक्षेत आली. २०२४ च्या प्रारंभी देशातील क्रेडिट कार्डांची संख्या दहा कोटींच्या पुढे गेली. त्याआधी, २०२२-२३ मध्ये, कुटुंबांची निव्वळ वित्तीय बचत सकल राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाच टक्क्यांच्या आसपास, म्हणजे कित्येक दशकांच्या नीचांकावर आली होती.

धोका रिझर्व्ह बँकेने ओळखला. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिने बँकांसाठी कार्डावरील कर्जाचे जोखीम-भारांकन १२५ वरून १५० टक्क्यांवर नेले. पण हे कवच बँकांसाठी आहे, ग्राहकांसाठी नाही. कार्डाच्या थकबाकीवर ३० टक्क्यांहून अधिक व्याज नको, असा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ मधील निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्दबातल ठरवला. व्याजदराला अशी मर्यादा उरलेली नसताना ग्राहकाची जागरूकता हेच त्याचे पहिले संरक्षण ठरते.

म्हणून बँकांकडून एवढी अपेक्षा रास्त आहे : बिल आपोआप भरण्याची सोय देताना ‘पूर्ण रक्कम’ हाच पर्याय आधी निवडलेला असावा, आणि केवळ किमान रक्कम भरत राहिल्यास कर्ज फिटायला किती वर्षे लागतील, तो आकडा प्रत्येक बिलावर ग्राहकाच्या भाषेत, ठळक छापावा. आमच्या खर्चाच्या नोंदी वाचून नवी कर्जे देऊ करणाऱ्या बँकांना हे अशक्य नाही.

आपल्या बाजूने महिन्यातून अर्धा तास पुरे आहे. प्रत्येक नोंदीपुढे ‘गरज’, ‘ठरवून’ किंवा ‘सहज’ यांपैकी एक शब्द लिहावा आणि ‘सहज’ची बेरीज करावी. मी ती करू लागल्यापासून कार्ड खरेदीच्या अ‍ॅपमध्ये साठवून ठेवणे बंद केले आहे. पुतण्याने कार्डावरची नवी खरेदी थांबवली आहे आणि तो दरमहा ८,००० रुपये भरतो. थकबाकी अजून आहे. पण वर्षभरात प्रथमच ती खऱ्या अर्थाने खाली येऊ लागली आहे.