गंज काढा, खूण ठेवा

घरी आपण ‘जंग’ म्हणतो, शाळेत मराठीच्या तासाला तोच ‘गंज’ होतो. अक्षरांनी नुसत्या जागा बदलल्यासारखे वाटते. वर्गात आम्ही मुलांना ही गंमत सांगतो, मुले हसतात. पण मागच्या पावसाळ्यात दादांची पेटी माळ्यावरून खाली काढली आणि आमचे हसू मावळले.

आमचे दादा सुतारकाम करायचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला, तेव्हा सास्तूर भागातल्या इतर घरांसारखे आमचे दगडमातीचे घरही बसले. आम्ही तेव्हा शाळकरी होतो. अल्लाहची मेहरबानी, घरातली माणसे वाचली. काही दिवसांनी ढिगाऱ्यातून दादांची पत्र्याची पेटी निघाली. आत एक छोटी कुऱ्हाड, चार पटाश्या आणि एक रंधा. पेटी आधी शेडमध्ये राहिली, मग नव्या घराच्या माळ्यावर गेली. दादा गेले, अब्बाही गेले. पेटी उघडली तर सगळी हत्यारे विटकरी झालेली.

आम्ही घाई केली. कुऱ्हाड दांड्यासकट चिंचेच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवली. सकाळी गंज सुटला खरा, पण बाभळीचा दांडा पाणी पिऊन फुगला होता. तो वाळावा म्हणून कडक उन्हात ठेवला, तर तो चिरला आणि पाते हलू लागले. उरलेला गंज काढायला ओळखीच्या एकाकडून ग्राइंडर आणला. पाते चांदीसारखे चमकले. मग लक्षात आले, पात्यावरचे तीन ठिपके गेले होते.

ते ठिपके दादांनी लोहाराकडून ठोकून घेतले होते. दादांना लिहिता-वाचता येत नव्हते. आपल्या नावातला ‘शीन’ आणि त्यावरचे तीन नुक्ते, एवढेच अक्षर त्यांना ठाऊक होते. प्रत्येक हत्यारावर तेच. उर्दू शिकवून पोट भरणाऱ्या आम्ही घरातले पहिले अक्षर पाच मिनिटांत घासून टाकले. आता तिथे एकच नुक्ता अंधुक दिसतो.

मग बाजाराच्या दिवशी एका जुन्या लोहाराला पटाश्या दाखवल्या. ते म्हणाले, “गुरुजी, गंज काढायचा, लोखंड नाही काढायचं.”

गंज मुळात का चढतो? लोखंडाला हवा आणि ओल मिळाली की झाले. परांड्याच्या किल्ल्यात मुलांना सहलीला नेले की आम्ही मलिक-ए-मैदान तोफेची हकिकत सांगतो. निजामशाहीत १५४९ साली अहमदनगरला ओतलेली ही तोफ परांड्याला होती, १६३२ मध्ये ती विजापूरला गेली आणि आजही तिथे आहे. ती तांबे आणि कथिलाच्या मिश्रणाची. अशा धातूवर चढणारा थर घट्ट बसतो आणि आतला धातू राखतो. लोखंडाचा गंज मात्र भुसभुशीत. तो ओल धरून ठेवतो आणि आत खात जातो. म्हणून ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणत ठेवलेले हत्यार पुढच्या वर्षी आणखी झिजलेले असते.

पटाश्यांना आम्ही असे साफ केले. आधी मुठीवर जाड कापड बांधले. कोरड्या ब्रशने सुटा गंज झाडला. पात्याला शिलाई मशीनचे तेल चोपडून रात्रभर ठेवले. दुसऱ्या दिवशी तारेच्या बारीक घासणीने पात्याच्या लांबीच्या दिशेने हलक्या हाताने घासले. जिथे गंजाची पापडी जाड होती तिथे पितळेच्या तुकड्याने खरवडले. पितळ पोलादापेक्षा मऊ असते, म्हणून ओरखडे पडत नाहीत. विटकरी रंग जाऊन काळसर लोखंड दिसू लागले की थांबलो. ती काळसर झाक म्हणजे घाण नव्हे, ते हत्याराचे वय आहे. दगडावर लावायची ती फक्त धार.

चिंच, लिंबू किंवा सिरका वापरायचाच असेल तर फक्त पाते बुडवावे, मूठ नाही, आणि दर अर्ध्या तासाने पाहावे. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच कोरडे करून तेल लावावे. आंबट अंश राहिला तर गंज पुन्हा धरतो.

लाकडी मूठ ओलसर फडक्याने पुसून सावलीत वाळवावी. मग जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा आणि जादा तेल पुसून घ्यावे. एक खबरदारी मात्र विसरू नका : जवसाच्या तेलाचे फडके बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेऊ शकते. ते मोकळे पसरून बाहेर वाळवावे.

हातमोजे घालावेत. हात कापलाच तर धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी दवाखाना गाठावा. धनुर्वाताचे जंतू गंजात जन्मत नाहीत, ते माती आणि शेणात असतात. पण जुन्या हत्यारांवर मातीच बसलेली असते.

ईद-उल-अजहाच्या सुऱ्यांचेही हेच. कुर्बानीनंतर रक्त आणि मीठ लागलेली सुरी तशीच गुंडाळून ठेवली की वर्षभरात खराब होते. धुवावी, कोरडी करावी, खोबरेल तेलाचे बोट फिरवावे. मशीनचे तेल खाण्याच्या सुरीला नको. जनावराला त्रास होऊ नये म्हणून सुरीला धार लावण्याची ताकीद आपल्याला आहेच. ती सांभाळायची तर सुरी वर्षभर जपावी लागते.

चारपैकी तीन पटाश्यांवर तिन्ही नुक्ते दिसू लागले. आमच्या धाकटीने त्यावर बोट ठेवून विचारले, “ये किसने लिखा?” आम्ही दादांचे नाव सांगितले. कुऱ्हाडीला आता नवा दांडा बसवून घेतला आहे. नुक्ते परत ठोकून घ्यावेत, असे घरातले म्हणतात. आम्ही नको म्हटले. उरलेला एक दादांनी ठोकून घेतलेला आहे, तो तसाच राहू दे.

तुमच्याही माळ्यावर अशी पेटी असेल. पाऊस सुरू होण्याआधी ती एकदा खाली काढा. आणि घासायला घेण्याआधी, उजेडात धरून नीट वाचा.